चौथं औषध

संगणकाच्या क्लासमध्ये संगणक बंद करणारे सर मी एकच पाहिले. शिरूरला एसटी डेपोसमोरच्या माडीवर कोळपे सर प्रोग्रॅमिंग शिकवायचे. कुणी नोंदीच्या साच्यात ‘फोन एक, फोन दोन, फोन तीन’ असे मोजके खण पाडले, की ते मागून येऊन संगणकच बंद करायचे. “आन् चवथा आला तर? त्याला भायेर उभा करणार व्हय?”

सरांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. न्हावऱ्यात शेती धरली ती वडिलांच्या काळात. त्यामुळे सरांचं उदाहरण ठरलेलं. “मेंढीचं नाव एक, वय एक. पण कोकरं? एकीला एक, दुसरीला पाच. म्हंजी साच्यात कोकरांची यादीच ठेवायची, कवा बी वाढंल अशी. आन् दर मेंढीची यादी येगळी.” पुस्तकातली व्याख्या मी परीक्षेपुरती घोकली. मेंढी मात्र कायमची डोक्यात बसली.

तरीही मी माती खाल्लीच. वरवंडच्या एका दवाखान्यासाठी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्रॅम करायला घेतला. डॉक्टरांना घाई, मला त्याहून. न सोसणाऱ्या औषधांसाठी यादी न करता मी तीन खण ठेवले. तीनपेक्षा जास्त औषधं कुणाला वर्ज्य असणार, असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेले.

सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, चार औषधं चालत नव्हती. माहेरी वरवंडला गेल्या असताना त्यांना ताप आला, म्हणून त्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी चारही नावं सांगितली. नर्सने तीन भरली, चौथ्याला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्क्रीन पाहून नेमकं त्याच चौथ्याचं इंजेक्शन दिलं. काकूंचा श्वास अडकला. दौंडच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. नशीब, त्या वाचल्या.

प्रोग्रॅम माझा, हे सरांना ठाऊक होतं. ते हॉस्पिटलातून थेट माझ्याकडे आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मी खण काढून यादी करेपर्यंत हलले नाहीत. मग दवाखान्यात जाऊन जुने केसपेपर काढले. ज्यांची ज्यांची औषधं सुटली होती ती एकेक वाचून दाखवली, मी भरत गेले. निघताना एवढंच म्हणाले, “काकूला तू सांग. जवा जमंल तवा.”

मला जमलं नाही. सणावाराला फोन करायची, पण त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही. शरमेला मी कामाचं निमित्त दिलं. अशी चार वर्षं गेली आणि या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले.

दहाव्याला न्हावऱ्याला गेले. माणसं पांगल्यावर काकूंपुढे बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

“मला ठावं हाय गं,” काकू म्हणाल्या. “त्याच आठवड्यात सांगितलं व्हतं त्यांनी.”

“मग तुम्ही कधी काहीच कशा बोलला नाहीत?”

“ते म्हनले, तिच्या तोंडनं निघू दे. म्हून गप ऱ्हायले.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “आयतवारी क्लासला सुट्टी असायची. दर आयतवारी दुपारचं वट्यावर बसायचे. मी म्हनायची, आत या, ऊन लागंल. तर म्हनायचे, पोरगी यायची हाय.”