खंडेनवमीला उचललेला पाना

त्या दिवशी मी देवावर चिडलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पूजा करून वर देवालाच शिव्या घालणारा माणूस मी; स्वतःला भक्त म्हणवून घेताना आजही जीभ अडखळते.

खंडेनवमी होती. आदल्या दिवशी बॅटरी नि तिच्या वायरी उतरवून मी ट्रकच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, हिरवा रंग दिला होता, स्वतःच्या हाताने, देवासमोर गाडी नटावी म्हणून. सकाळी बॅटरी जोडली, पाने-पकडी धुऊन पाटावर मांडल्या, नारळ फोडला, बायकोने चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी चावी फिरवली. समोरचे दिवे लागले, स्टार्टर 'कट्' म्हणाला, दिवे विझले. दहा वेळा फिरवली, दहा वेळा तेच.

तिकडे मंगळवेढ्याजवळ माझी धाकटी बहीण महानंदा झेंडू तोडून, पोत्यांत भरून बसली होती. मेहुणे गेल्यानंतर तिने एकटीने घेतलेलं ते पहिलं पीक. संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या बाजारात आला नाही, तर दसऱ्यानंतर त्या झेंडूला कुत्रं विचारत नाही. दर अर्ध्या तासाने तिचा फोन. "आण्णा, निगालास का? पोती गरम व्हायलीत." मी खोटंच म्हणायचो, निघालोय.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "हत्यारं पूजेला बसलीत. आज उचलायची न्हाईत. परवा येतो की." शेजाऱ्याची बॅटरी लावून पाहिली, तरी कट्. नव्या गाडीचं सगळंच विजेवर, धक्क्यालाही दाद देईना. दसऱ्याच्या तोंडावर दुसरी गाडी कोण देणार? बायको म्हणाली, जरा दम धरा. मी तिच्यावरच उसळलो, "लिंबं तूच ठेवलीस न्हवं? तुझंच कायतरी चुकलं!" ती डोळे पुसत आत गेली. मग आमच्या ग्रामदैवताला, सिद्धरामेश्वराला म्हणालो, तुझ्यासाठी रंगवली ना रे, मग हे काय पदरात घातलंस? पाटाला लाथ मारायची तेवढी बाकी होती.

फाटकाशी एक म्हातारा उभा होता. कपाळाला विभूती, हातात पिशवी. "काल गाडीला काय काय केलासा?" हे सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं. "रंग दिला, दुसरं काय करनार?" मी खेकसलो. त्याने मला चावी फिरवायला लावली, खाली वाकून बॅटरीची जाड वायर चासीला जिथे बोल्टने आवळतात तिथे बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"लई तापलीय. रंगावरच आवळलाय की. करंट जानार कुटनं?"

पाना आज उचलायचा नाही, मी म्हणालो. त्याने चपला काढल्या, पाटाला हात जोडले, हळदी-कुंकवाचा पाना उचलून माझ्या हातात दिला. "सेवेला आला तरच पूजा पोचती, यप्पा," तो कानडी ढंगात म्हणाला.

वायर सोडवून मी रंग खरवडला. लोखंड उघडं पडलं, वायर आवळली. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

मान वर केली तेव्हा म्हातारा नव्हता. गल्लीत कुणी त्याला ओळखत नव्हतं. रिक्षाने गेला असेल. मी वाद घालत नाही. गाडी चालू ठेवून आधी आत गेलो आणि बायकोची माफी मागितली. फुलं दिवेलागणीला बाजारात पोचली. महानंदा वाटभर केबिनमध्ये बसून हसत होती.

राग मला अजून येतो. पण तो म्हातारा ज्याने पाठवला, त्याचे उपकार विसरलेलो नाही. दर खंडेनवमीआधी चासी रंगवतो, तेव्हा त्या बोल्टाखाली रुपयाएवढी जागा कोरी सोडतो. पूजेला पहिलं बोट तिथेच टेकवतो. तेवढ्या जागेत माझा रंग नसतो.