खंडेनवमीचं अपग्रेड

चूक बापूकाकाची. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी 'दोन्ही बाजूंनी थोडं थोडं' वगैरे म्हणायला नको. एकाच बाजूनं झाली, अन् ती बाजू माझ्या सख्ख्या चुलत्याची.

बापूकाकाचं वसमतला कॉम्प्युटर सेंटर आहे. पुढं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत गेमिंगच्या चार मशिनी. नांदेडचा डिप्लोमा अर्धा सोडून मी परत आलो तेव्हापासून मागची खोली माझ्याकडं. अशा खोलीत किस्से साचतात ते कीबोर्डात फुटाण्याची टरफलं साचतात तसे. रोज दिसत नाहीत. उलटा धरून दोन थापा मारल्या की मग पडतच राहतात. यंदाच्या दसऱ्याचे तेवढे झटकतो.

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी विळे-कुदळी मांडतो, काका कॉम्प्युटर मांडतो. सगळ्या मशिनी चालू करून प्रत्येकीला ओलं हळद-कुंकू, वर झेंडू. नेमकी तेव्हाच स्क्रीनवर पाटी आली: नवी सिस्टीम तयार आहे, मोफत आहे, आत्ता टाकायची का?

मी ती पाटी कधीपासून टाळत होतो. दसऱ्याच्या संध्याकाळी आमचा बंदुकीच्या गेमचा सामना होता. ऑनलाइन, अन् जिंकलेला संघ पुण्याच्या फायनलला. सामना तोंडावर असताना सिस्टीमला हात लावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी पोचायच्या आधीच काकाला त्यात मुहूर्त दिसला!

"नवं हाय, फुकट देऊन राहिले, अन् आज नवमी. काहून नको म्हणायचं?"

चारही मशिनींवर 'हो' दाबून काका आरती म्हणायला लागला.

*

संघ चौघांचा. कॅप्टन मी. शिलाईच्या दुकानातला इम्रान. कुरुंद्याहून एसटीनं येणारा गण्या. अन् चौथी स्वाती, खुद्द काकाची पोरगी. आम्हा चौघांत नेम तिचाच पक्का. मात्र ती खेळते हे काकाला माहीत नव्हतं. काका दुपारी जेवून घरी आडवा व्हायचा, तेवढाच तिचा सराव.

नियम कडक होता. या सामन्यात जो खुर्चीत बसेल तोच पुण्याला जाणार. मागून नाव घुसडायचं नाही.

मी पोचलो तेव्हा अपग्रेड होऊन गेलं होतं. गाणी चालू, प्रिंट चालू, ब्राउझर चालू. फक्त गेम उघडला की 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. चारही मशिनींवर तेच.

काकानं चष्मा वर करून पाहिलं. "शहाणी सिस्टीम हाय. कामाचं चालू ठेवलं, बिनकामाचं बंद केलं!"

*

मी माऊसला हात घातला तर काकानं मनगट धरलं. "पूजेला मांडलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई."

"काका, तुमीच सकाळी हात लावून आख्खी सिस्टीम बदलली!"

"ते पूजेतच धरायचं."

या पिढीचं हे असं. नियम त्यांचे, सवलतही त्यांचीच. आपल्या वाट्याला फक्त उपवास.

*

मशिनीला हात लावता येईना, म्हणून आधी नेट तपासायचं ठरवलं. केबलवाले हनुमंतराव आले. त्यांची पद्धत एकच. गच्चीवर जायचं, वायर हलवायची अन् वरून ओरडायचं, "आला का?" आपण 'नाही' म्हणालो की खाली येऊन सांगायचं, "माझ्याकडून बराबर हाय."

तेवढ्यात इम्राननं दुकानातला जुना लॅपटॉप आणला. अब्बांच्या भरतकामाच्या मशिनीची नक्षी त्यात असते. बिजागरी तुटलेली, स्क्रीन इलॅस्टिकनं बांधलेली, नवी सिस्टीम पेलण्याची ताकदच नाही. तीच वायर त्याला लावली अन् गेम जोडला गेला! माणसं चालायच्या ऐवजी बेडकासारखी उड्या मारत होती, पण जोडला गेला. म्हणजे नेट ठीक. दुखणं अपग्रेडचं.

"हनुमंतराव, तुमच्याकडून खरंच बराबर हाय," मी म्हणालो.

हनुमंतराव घाबरले. "खरंच?"

लॅपटॉप मात्र लगेच परत गेला. अब्बांचा फोन आला होता, "इम्रान, दुल्हन का ब्लाउज अटका है. तेरी बंदूक बाद में चला."

*

दुपारी माझे वडील डोकावले. काही न विचारता निदान झालं, "डिप्लोमा सोडल्याचा परिणाम हाय हा."

अपग्रेड त्यांच्या भावानं केलं, परिणाम माझ्या डिप्लोम्याचा! त्यांचं खरं काम वेगळंच होतं. त्यांच्या मोबाईलचा आवाज गेला होता. मी बाजूचं बटण वर केलं. आवाज आला.

"बघ, डोकं हाय तुला," ते म्हणाले. "मग काहून सोडलं?"

गावात ज्याचं ज्याचं काम मी फुकट करून देतो, तो जाताना हा प्रश्न ठेवून जातो. त्यापेक्षा काम आणू नका!

*

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली अन् मी बसलो. ड्रायव्हर तपासले, घड्याळ तपासलं, गेम काढून पुन्हा टाकला. शेवटी सापडलं. नव्या सिस्टीमनं आमच्या खोलीचं नेट परक्याचं धरलं होतं. स्टँडवर अनोळखी माणसाचं असतं तसं. म्हणून तिनं आतूनच दार लावून घेतलं अन् गेमला बाहेर सोडेना. 'हे आपल्या घरचं नेट आहे' एवढं तिला सांगायचं होतं, अन् गेमला सोडायला सांगायचं होतं. बस!

कुठल्या सरानं शिकवलं नव्हतं. मी शोधलं. हे मी छाती काढून सांगतो, अन् ज्यांना टोचेल त्यांना टोचो.

पण दार उघडायला मालकाचा पासवर्ड लागत होता. आधी मशिनींना पासवर्डच नव्हता. अपग्रेडनं मागितला अन् काकानं आपल्या मनानं ठेवून दिला. सांगायला तयार नाही. प्रत्येक वेळी स्वतः यायचा, आम्हाला भिंतीकडं तोंड करायला लावायचा अन् एका बोटानं टाइप करायचा.

मला वाटलं, कंटाळेल. उलट पाटीगणिक खूश!

"घरात मला कुणी काही इचारत न्हाई," काका म्हणाला. "हे बिचारं दर बारीला इचारून राहिलंय."

*

तीन मशिनी जोडल्या गेल्या. चौथी काही केल्या ऐकेना. ती स्वातीची. तिच्यावर पासवर्ड टाकून झाला, दार उघडून झालं, तरी नेटच नाही. शेवटी मागची वायर उपसली.

वायरीचं टोक पिवळंधमक! काकानं पूजेला जिथं दिवा लुकलुकताना दिसला तिथं ओलं बोट टेकवलं होतं. वायर घुसते त्या खाचेत हळद झिरपून रात्रीतून वाळलेली.

गण्यानं वास घेतला. "भेसळ न्हाई. घरची हाय."

टूथब्रशनं घासून पाहिलं. दिवा लागलाच नाही. वायरलेसचा डोंगल आणावा म्हटलं, तर दसऱ्याची दुकानं बंद. तिघांनी खेळायला परवानगी होती. चौथा बाहेर.

*

संध्याकाळी काका मित्रमंडळींबरोबर सीमोल्लंघनाला गेला. आम्ही मागच्या खोलीचा पडदा ओढला.

स्वाती भिंतीला टेकून उभी होती. मी माझ्या खुर्चीतून उठलो.

"बस."

"अन् तू? कॅप्टन हायेस ना?"

"कॅप्टन हाय म्हणूनच सांगतो. बस."

बसली. अन् काय खेळली! पहिली फेरी आमची. दुसरी समोरच्यांची. शेवटची सुरू व्हायच्या आधीच्या विश्रांतीत गेमनं कसलं तरी बारीक अपडेट ओढलं, अन् नेमकी तिच्या स्क्रीनवर पाटी आली: मालकाचा पासवर्ड टाका.

इम्रान म्हणाला, "गया."

मालक सीमेपलीकडं. अन् त्याला बोलवायचं म्हणजे पोरगी बंदुकीसकट त्याला दाखवायची. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी स्वातीकडं बघितलं. हे मी ठरवायचं नव्हतंच.

तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला. "लाव पप्पांना फोन."

मी लावला.

रिंग पडद्यामागं वाजली.

पडदा सरकला. काका हातात आपट्याची पानं घेऊन उभा. चपलांना माती नव्हती. काका आत आला, पानं कीबोर्डाशेजारी ठेवली, अन् एका बोटानं, सावकाश, पासवर्ड टाकला. आम्हाला भिंतीकडं तोंडसुद्धा करायला लावलं नाही. पाटी गेली. फेरी सुरू झाली.

काका खुर्चीमागंच उभा राहिला.

"डावीकडच्या माडीवर एक असतो," तो म्हणाला. "तू नेहमी तिकडं बघायचं इसरतीस."

आम्ही जिंकलो. पुण्याला स्वाती, इम्रान अन् गण्या गेले. मी गेलो नाही.