हुसेनसागरावर बिनवल्ह्याची पोरगी

गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघाले होते तेव्हाची गोष्ट. हैदराबादेतून बहिणीचा फोन आला, "अक्का, तुझी सुनी कॉलेज बुडवून तळ्यावर नावा खेळती." बस्स. दुसऱ्याच दिवशी नांदेडहून बस धरली, पोरीला घरी आणायला.

रस्ता अंग खिळखिळं करतो. पोचल्यावर आधी इराणी चहा घ्या, मगच कुणाशी भांडा. बहिणीच्या हिमायतनगरातून हुसेनसागर चालत गाठता येतो. सकाळीच जा, ऊन चढलं की तळं वास मारतं. पण सकाळी पाणी म्हणजे नुसती पितळेची परात!

त्यावर सुईसारखी लांब नाव. चार दांडग्या पोरी वल्ही मारतायत आणि माझी सुनी टोकाला रिकामी बसलेली. मी काठावरून ओरडले, "अगं, वल्हं तरी घे हातात!"

शिकवणारे साहेब शेजारीच होते. "अम्मा, चिल्लाव नक्को. वो कॉक्स है, नाव वोइच चलाती."

मला इंग्रजी ओ की ठो येत नाही. त्यांनी समजावलं: पॅडल नुसतं हातात धरायचं, तोंड पुढं. ओर नावेच्या कडेला अडकवलेलं. ते ओढणं म्हणजे रोइंग, आणि ओढणारीची पाठ पुढं. दोन हातांत दोन लहान असली तर स्कल. वर कॉक्सनं "पॅडल" म्हटलं तर ओरच, पण हलकं मारायचं! आपलं एक वल्हं बरं.

"मग पाठ करून त्यांना दिसतं कसं?"

"नै दिसता. तुमारी बेटी देखती."

तेवढ्यात तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याकडं निघालेली, माणसांनी भरलेली लाँच आडवी आली. सुनी गरजली, "ईझी ऑल!" चौघींचे हात थांबले. "होल्ड वॉटर!" चारी वल्ही पाण्यात रुतली, नाव जागच्या जागी. लाँच समोरून निघून गेली. एकीनंही मान वळवली नाही.

सुनी काठावर आली ती घाबरतच. "आई, न्यायला आलीस?"

"आधी खायला चल. आणि कॉलेज बुडवलंस तर तंगडं मोडीन."

परतले एकटीच. नवरा म्हणाला, "पोरगी कुठंय?"

"नाव हाकतीये, बिनवल्ह्याची."

"वल्हं न मारता?"

"जाऊन बघा."

बुद्ध बघितला, चहा प्याले, ते सगळं विसरेन. पण फोनवर 'हो आई, बरं आई' एवढंच बोलणारी ही पोर, आणि हिच्या शब्दावर चौघी न बघता जीव सोपवतात! पुढं एकदा सुट्टीला ये म्हटलं, तर म्हणाली, "नाही आई, सराव आहे."

मीही तिचं ऐकलं.