नुआलाच्या मुठीवर मेव्ह

नुआला ब्रेस्लिनने तळ्याकाठच्या आमच्या हॉटेलात बावीस वर्षं गोड पदार्थ केले. स्वयंपाकघर तळघरात. खिडक्या जमिनीलगत, त्यामुळे बाहेर फिरायला निघालेल्या पाहुण्यांचे तिला फक्त बूट दिसायचे. मी वर जेवण वाढायचो. तिची बदामाची टार्ट समोर आली की बडबडे पाहुणेसुद्धा गप्प व्हायचे.

दुपारी ती लावा पक्ष्याच्या मांसाचे उरलेले तुकडे घेऊन मागच्या पिंजऱ्याशी जायची. तिथे मेव्ह होती, हॉटेलची ससाण्याची मादी. पाहुण्यांना रानात नेऊन तिला उडवून दाखवायचं काम म्हाताऱ्या फिन्टनचं.

एका ऑक्टोबरात फिन्टन शेवाळावरून घसरला आणि त्याचा खांदा मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हला उडताना बघायला सहाजण यायचे होते.

"नुआलाला पाठवा," अंथरुणातून तो म्हणाला.

"मला? अरे, मी केक करते!"

"केकवर क्रीमची नक्षी काढताना तुझा हात कधी हललाय? मेव्हला असाच हात लागतो. आणि ती तुला ओळखते."

सकाळी धुकं इतकं दाट होतं की तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. मी थर्मास घेऊन मागून चाललो होतो. नुआलाने फिन्टनचा कातडी हातमोजा घातला होता, अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन तसाच. तिने मूठ उंचावली. मेव्ह झेपावली, दोनदा पंख हलले, आणि धुक्यात विरून गेली.

आम्ही उभे राहिलो. कुठेतरी थेंब पाण्यात पडत होते. मेव्ह परत येईना. नुआलाला फिन्टनसारखी शीळ येत नव्हती. शेवटी तिने स्वयंपाकघरात मारते तशी हाक मारली, "ये गं बाई, गार होतंय सगळं!"

पाहुणे हसले. तेवढ्यात पांढऱ्या धुक्यातून काहीतरी तपकिरी, अगदी निःशब्द, खाली उतरलं आणि तिच्या मुठीवर बसलं. नुआलाचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही.

"जड आहे का हो?" एका बाईने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती हळूच म्हणाली. "काहीच वजन नाही हिला."

त्या रात्री पुडिंगमध्ये साखर पडलीच नाही. शेफ हॅकेट भडकले, "उद्यापासून पक्षी की पुडिंग, ठरव!"

"सकाळी पक्षी, संध्याकाळी पुडिंग," नुआला म्हणाली. "नको असेल तर दोन्हीसाठी दुसरी बघा, शेफ."

महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. दुसरी काही त्यांनी बघितली नाही.

फिन्टनचा खांदा वसंतात बरा झाला, पण हातमोजा त्याने परत मागितला नाही. आता तो बाकावर शाल पांघरून बसतो आणि ओरडतो, "कोपर वर! काय ते, टार्ट घेऊन निघालीस?"

"गप रे म्हाताऱ्या," नुआला मान न वळवता म्हणते, "ती येतेय."