पक्की मतं

"हो" या शब्दावर माझा विश्वास नाही. हे मी चिडून सांगत नाही, कामाचा अनुभव म्हणून सांगते. डार्विनच्या एका हॉस्पिटलात मी फार्मसिस्ट आहे. वॉर्डात नवा पेशंट आला की घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत हे त्याला विचारून लिहून घ्यायचं, हे माझं काम. ब्लड प्रेशरची गोळी रोज घेता? हो. न चुकता? हो हो, नो वरीज. मग मी त्याच्या बायकोला घरून औषधांची पिशवी आणायला सांगते, तर पाकिटातल्या निम्म्या गोळ्या जागच्या जागी. माणसं खोटारडी असतात असं मी म्हणत नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती हो म्हणून टाकतात. पण गोळी पोटात गेलेली नसते ती नसतेच.

म्हणून आमच्या वॉर्डातल्या आयरिश नर्सने टी-रूममध्ये सांगितलं की तिचे वडील निवडणुकीला उभे आहेत आणि घरोघरचे लोक त्यांना हो म्हणतायत, तेव्हा माझे कान टवकारले. नोव्हेंबर चालू होता, पावसाआधीचे उकाड्याचे दिवस. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. तिकडे आयर्लंडमध्ये म्हणे लोक टोप्या घालून, काळोखात टॉर्च घेऊन दारं वाजवत होते.

तिची अडचण वेगळीच होती. तिला एकदाच रजा मिळणार होती, ख्रिसमसला नाहीतर आत्ता. ख्रिसमसची मंजूर झालेली होती. आता रोस्टर बदलून मतमोजणीला जायचं तर ख्रिसमस इथेच काढायचा. तिची आई गेली तेव्हा ती विमानात होती, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. वडील सत्तरीचे, घरात एकटे. आजवर नुसते स्थानिक कौन्सिलवर होते, आता पहिल्यांदाच संसदेसाठी अपक्ष उभे राहिले होते.

"जिंकले तर अख्खा गाव त्यांना डोक्यावर घेईल, माझी गरज नाही. मी ख्रिसमसला जाईन," ती म्हणाली. "पण हरले, तर त्या रात्री ते एकटे घरी जातील आणि स्वतःच दिवा लावतील. तसं होणार असेल तर मला तिथे असायला हवं. म्हणून आधी कळायला हवं."

"मग मोजू या," मी म्हटलं.

तिचे वडील जुन्या पद्धतीचे. कुठल्या घराने काय म्हटलं हे ते वहीत लिहायचे आणि रोज पानांचे फोटो लेकीला पाठवायचे. ती ब्रेकमध्ये वाचायची, मी कागदावर मांडायची. घरांच्या खुणा तिला पाठ होत्या, निळ्या दाराचं घर, दोन कुत्र्यांवालं घर, शाळेमागची विधवा.

"निळं दार. 'आम्ही तुला विसरणार नाही.'"

"म्हणजे नाही," मी म्हटलं.

"कसं काय?"

"द्यायचं असतं तर देतो म्हणाले असते. पुढे."

"दोन कुत्रे. 'तुझी काळजी घेऊ आम्ही.'"

"नाही."

"शाळेमागची. 'तुला कशाला माझं मत, तू तर निवडून आलेलाच आहेस.'"

"हिने तर दुसऱ्याला देऊन पण टाकलं."

ती हसायची, पण तिचं हसू दिवसेंदिवस आखडत गेलं. आमच्या वसईतल्या गावातही "बघतो ना" म्हणजे नाही, "टेन्शन नको घेऊ" म्हणजे नाही आणि "घरचंच मत समज" म्हणजे तर नाहीच, असं मी तिला समजावलं. पृथ्वीच्या कुठल्याही टोकाला जा, दारात उभ्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, एवढाच माझा सिद्धांत होता आणि मला त्याचा अभिमान होता.

आठवडाभराने तिने माझा कागद ओढून घेतला. तिच्या वडिलांच्या वहीत निळं दार, दोन कुत्रे धरून पुष्कळ घरांपुढे दोनचा आकडा होता. त्या सगळ्या ओळी मी काट मारून ठेवल्या होत्या.

"हे का खोडलंस?"

"बाद मतं आहेत ती."

मी मनाशी आमच्या गावातली मतपत्रिका धरून चालले होते. आमच्याकडे तेव्हा कागदावर शिक्का मारायचा असे, आम्ही त्याला फुली मारणं म्हणायचो. एकाच चिन्हावर एकच फुली. दुसऱ्या चिन्हावर नुसती शाई लागली तरी मत बाद. दोन नंबर देईन म्हणणारा माणूस माझ्या हिशेबी सरळ दुसऱ्याच्या चिन्हावर फुली मारणार होता.

तिने कपाळाला हात लावला. मग कँटीनमधल्या जेवणावरून मला समजावलं. समज, तू चिठ्ठीवर लिहिलंस, पहिली पसंती फिश, फिश नसेल तर करी, तीही नसेल तर सॅलड. फिशला फार मागणी नाही म्हणून ते मेनूतून काढलं तर तुझी चिठ्ठी फेकत नाहीत, करीच्या ढिगात टाकतात. त्यांच्या मतदारसंघात पाच जागा होत्या. सगळ्यांत खालच्या उमेदवाराला काढत जायचं, त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला वाटत जायचं, पाच जागा भरेपर्यंत. "शेवटची जागा नेहमी दोन-तीन नंबरवरच जाते," ती म्हणाली.

मला समजलं, पण पटलं नाही. दुसरा नंबर द्यायला काय जातंय? ती तर फुकटची भलाई. पहिला नंबर देत नाही तो दुसरा तरी कशावरून देईल? मी खोडलेल्या ओळी तशाच ठेवल्या आणि तिला स्पष्ट सांगितलं, "तुझे वडील पडणार. तू जा."

गावातच वेगळा राहणारा तिचा भाऊ फोनवर सांगत होता की बाबा आरामात येतायत, उगीच रजा घालवू नकोस. तिने माझं ऐकलं. रोस्टर बदलून घेतला आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तिकडे पोचली. मत द्यायला नाही. देश सोडून गेलेल्याला तिथे मत नसतं. नुसती वडिलांशेजारी उभी राहायला.

जाण्याआधी तिने विचारलं होतं, माणसांवर एवढा अविश्वास तू शिकलीस कुठे. मी तिला पप्पांची गोष्ट सांगितली होती. नेहमी सांगते तेवढीच.

मी अठरा पुरी करून एकोणिसाव्यात होते तेव्हा पप्पा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते. चिन्ह छत्री. समोर कपबशी. आमचा वॉर्ड म्हणजे चर्चच्या मागची गल्ली आणि विहिरीपलीकडची घरं, एवढाच. पप्पांनीही वही केली होती. ज्याने डोळ्यात डोळे घालून शब्द दिला त्याचंच नाव "पक्की मतं" या पानावर. बाकीची घरं उघडउघड कपबशीची, ती त्यांनी धरलीच नव्हती. मोजणी झाली तर दोघांना सारखी मतं. अधिकाऱ्याने दोन चिठ्ठ्या घडी करून डब्यात टाकल्या, एक काढली, आणि ती कपबशीची निघाली. घरी येऊन पप्पांनी वही उघडली. पक्क्या पानावर जेवढी नावं होती त्याहून मिळालेली मतं एकाने कमी होती. एकाने शब्द फिरवला होता. त्या एका मताने पप्पा चिठ्ठीवर आले होते.

पप्पांनी समोरच्या घरातल्या मित्रावर संशय घेतला. दोघं एकाच बाकावर शिकलेले, एकाच दिवशी चर्चमध्ये पहिलं कम्युनियन घेतलेले. मतदानाच्या आधी त्याच्या अंगणात कपबशीचा उमेदवार चहा पिऊन गेला होता, बस, तेवढं पुरलं. त्या दिवसापासून पप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. अजूनही रविवारी मिस्साला दोघं वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसतात. मित्राने दोनदा शपथ घेऊन सांगितलं, पप्पांनी दोनदा पाठ फिरवली.

एवढं सांगून मी थांबते. ऐकणारे चुकचुकतात, माणसाचा काही भरवसा नाही म्हणतात. आयरिश नर्सही तेच म्हणाली होती.

तिचा फोन सोमवारी सकाळी आला. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. तिकडे रविवारची रात्र. मागे इतका गोंगाट की आधी मला कळेना ती रडतेय की हसतेय. तिचे वडील आले होते. पाचवी, शेवटची जागा. पहिल्या पसंतीत मागे होते, पण जसजसे इतर बाद होत गेले तसतशी दोन नंबरची मतं त्यांच्या ढिगात येत गेली. मी खोडलेल्या ओळी. निळं दार, दोन कुत्रे, असल्या घरांनी शब्द पाळलेला दिसत होता.

"सॉरी," मी म्हटलं. "तुझा ख्रिसमस घालवला मी."

"त्यांनी मला दारात पाहिलं ना, तेव्हाच वसूल झाला," ती म्हणाली. मग हळू आवाजात सांगितलं, "पण एक झालंय."

तिथे पेट्या एकेक उघडतात तेव्हा कठड्याबाहेर कार्यकर्ते कागद घेऊन उभे असतात आणि कुठल्या रस्त्यावर कुणाला किती हे नुसत्या नजरेने टिपून घेतात. तिच्या वडिलांच्या स्वतःच्या रस्त्यावर वहीतल्यापेक्षा थोडी मतं कमी निघाली होती. निवडून आलेला माणूस, लोक खांद्यावर घ्यायला बघतायत, आणि तो कोपऱ्यात तो कागद धरून उभा. कोण असेल, कोण असेल. शेजारच्या शेतकऱ्याचं नाव त्यांनी दोनदा घेतलं होतं.

"त्यांना आवर," मी म्हटलं. "शेजाऱ्याला धरू नका म्हणावं. घरातलंही कुणी असू शकतं."

"घरातलं कोण? भाऊ असं करणार नाही. मला तर मतच नाही."

मी गाडीची किल्ली काढली. गाडीचा एसी बंद होता, घाम गळ्यावरून उतरत होता. "घरातल्या माणसावर कुणी संशय घेत नाही," मी म्हटलं.

"तू," ती म्हणाली. "तुमच्या गल्लीतलं ते मत तू होतीस."

हो.

पप्पा तेव्हा म्हणाले होते, निवडून आलो की पंचायतीचे कागद तूच बघायचे, मला सरकारी भाषा जमत नाही, बी. फार्म.चं पुढच्या वर्षी पाहू. मला मुंबईच्या कॉलेजात जागा मिळालेली होती. पुढचं वर्ष कधी उगवत नाही हे मी मोठ्या ताईच्या कॉलेजच्या बाबतीत पाहिलं होतं. शिक्का हातात घेऊन पडद्याआड उभी राहिले तेव्हा छत्रीवर मारायचा असंच ठरवलं होतं. कपबशीवर मारला. बाहेर आले तर पप्पा शाळेच्या फाटकात उभे होते. त्यांनी विचारलं, दिलंस ना? मी म्हटलं, हो.

ते हरले आणि मी जूनमध्ये कॉलेजात गेले. पुढे नोकरी, लग्न, डार्विन. हे मी कुमसारात, फादरपुढे पापं कबूल करतानाही कधी सांगितलं नाही. फादरला काय सांगणार, मतदान गुप्त असतं.

त्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदा तो हिशेब नीट मांडला. इतक्या वर्षांत मांडला नव्हता, की मांडायचा टाळला होता, देव जाणे. वहीपेक्षा एकच मत कमी आलं होतं. पक्क्या पानावर माझंही नाव होतं, ते एक माझं. म्हणजे बाकीची सगळी आली होती. समोरच्या घराचं आलं होतं, विहिरीपलीकडची आली होती. सबंध वॉर्डात ज्यांनी ज्यांनी डोळ्यात बघून हो म्हटलं, त्यांनी ते पाळलं होतं. खोटं एकटी मी बोलले होते, आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्यांतल्या गोळ्या मोजत बसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पंधरा मिनिटं गाडीतून उतरले नाही.

ख्रिसमसला ती आमच्या घरी जेवायला आली. मी मैद्याचे फुगे तळले होते, डुकराच्या मटणाचं इंद्याल केलं होतं. तिखटाने तिचं नाक लाल झालं तरी ती खात होती. जेवण झाल्यावर तिने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. वसईत सकाळचे दहा, पप्पा मिस्साहून आलेले असणार.

मी सांगितलं. इकडचं तिकडचं न बोलता, छत्री, कपबशी, शिक्का, सगळं. इथे वाढलेल्या माझ्या मुलीला मराठी अर्धवट कळतं, तरी तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं लाइन तुटली.

"पप्पा?"

"फोन ठेवू नकोस," ते म्हणाले.

मग त्यांच्या काठीचा आवाज आला. फाटकाची कडी. गल्लीतून कुणाची तरी स्कूटर गेली, ती जाईपर्यंत काठी थांबली, आणि पुन्हा चालू लागली. एक दार वाजलं. आतून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, कोण आहे?

"मी," पप्पा म्हणाले. "माझी पोरगी फोनवर आहे. तिला तुझ्याशी बोलायचंय."