फियाटच्या चाकावरचा दुसरा हात

बाबा फियाट चालवतात तेव्हा आईचाही हात स्टिअरिंगवर असतो, हे मला मागच्या सीटवर बसल्यावर कळलं.

माझी गाडी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये होती आणि मला घोडबंदर रोडवरच्या चेण्याहून भाजी आणायची होती. आई-बाबा तिकडे दर रविवारी सकाळी जातातच. थर्मासमध्ये चहा, दोन स्टीलचे पेले, बसायला जुनी चादर. नदीच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी लावायची, चहा प्यायचा, आदिवासी बायकांकडून भाजी घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घरी. बाबा निवृत्त झाल्यापासून हे चालू आहे. म्हटलं, आज मीही येते.

आमची फियाट माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. तिची पुढची सीट सलग आहे, बाकड्यासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. बाबांनी त्यात काही बदललेलं नाही. दरवाजाचं एक हँडल तुटलं तेव्हा तसंच हँडल मिळेपर्यंत आई कित्येक महिने बाबांच्या बाजूने चढत-उतरत होती.

गल्लीतून केबिन रोडला लागताना डावीकडे काटकोनात वळावं लागतं. एका बाजूला नारळवाल्याची हातगाडी, दुसऱ्या बाजूला रिक्षांची रांग. आई सांगत होती की या वेळचे कांदे टिकत नाहीत, आतून काळे निघतात. बाबा नुसतं “हं” म्हणाले. मला वाटलं, कांद्यांना हुंकार दिला. पण आईने बोलता बोलता उजवा हात लांब केला, चाकाची कड पकडली आणि खाली ओढली. गाडी वळली. आईने हात मांडीवर घेतला. कांदे चालूच होते.

“आई!”

“काय गं? पिशवी राहिली का?”

पुढे काशिमिऱ्याच्या अलीकडच्या चौकात उजवीकडे वळताना तिने चाक वर ढकललं. मी दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले होते.

चेण्याला चहा ओतून झाल्यावर मी चौकशी केली. बाबांचा उजवा खांदा धरला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल, व्यायाम करा आणि जोराचं काम टाळा. फियाटचं चाक वळवणं म्हणजे जोराचंच काम. गाडी उभी असताना तर ते हलतच नाही. आधी थोडी पुढे सरकवायची आणि मग वळवायची, ही तिची रीत.

“आणि हे मला कोणी सांगितलं नाही?”

“तू लगेच यादी करशील म्हणून नाही सांगितलं,” बाबा म्हणाले.

मी यादी केलीच. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. यादी केल्याशिवाय मला एखाद्या गोष्टीची काळजीसुद्धा नीट करता येत नाही. गाडी बंद करणं, ड्रायव्हर ठेवणं, आहे तसं चालू ठेवणं आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवणं, असे चार मार्ग होते. तिसरा मी लिहिताक्षणीच खोडला. ड्रायव्हरचं नाव काढल्यावर बाबांनी विचारलं, “आणि मग तो कुठे बसणार? आमच्या दोघांच्या मध्ये?” गाडी बंद करण्याबद्दल मी बोललेच नाही, कारण रविवार गेला तर त्या दोघांचा आठवडाच जाईल हे मला माहीत होतं.

उरली मोटर. ती डॅशबोर्डच्या आत स्टिअरिंगच्या दांड्याला बसते. चाक तेच राहतं, बाहेरून काही दिसत नाही, फक्त फिरवायचा जोर मोटर लावते. मी काशिमिऱ्याजवळच्या एका मेकॅनिकला जाऊन सगळं विचारून आले. पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का? येईल. मोटर बंद पडली तर? चाक जड होईल, पण फिरेल. आरटीओचं काय? त्याची चौकशी मी वेगळी केली.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ती फियाट आहे, मिक्सर नव्हे मोटर लावायला. ओरिजिनल गाडी आहे. लोक थांबून बघतात.”

“माझा गुडघा बदललात तेव्हा नाही ओरडलात ओरिजिनल ओरिजिनल म्हणून,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“तुझा गुडघा कोण थांबून बघतंय?”

विषय तिथेच थांबला. पण पुढच्याच रविवारी केबिन रोडच्या त्या वळणावर गाडी अडली. आई मनगट लचकल्यामुळे जोर लावू शकत नव्हती आणि बाबांना एकट्याने जमेना. अर्धी गाडी गल्लीत, अर्धी रस्त्यावर, मागे हॉर्न. एक रिक्षावाला उतरून आला आणि म्हणाला, “अंकल, म्यूज़ियम में रखो इसको.” शेवटी त्यानेच खिडकीतून हात घालून चाक वळवून दिलं. दोघं तिथूनच घरी परतले. संध्याकाळी बाबांचा फोन आला. “लाव तुझी मोटर. काढलेला भाग मात्र मला परत पाहिजे.”

मला वाटलं, जिंकले. मोटर बसली. काढलेला दांडा आईने जुन्या सुती साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. चाचणीसाठी मी दोघांना जेसल पार्कला खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. बाबांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी चाक फिरवलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. “अगं, हे तर लोण्यासारखं!” ते आईला म्हणाले. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी सवयीने “हं” म्हटलं. आईचा हातही सवयीने गेला आणि तिने नेहमीच्या जोराने चाक ओढलं. गाडी टुणकन डावीकडे गेली आणि पुढचं चाक फुटपाथवर चढलं.

रस्ता रिकामा होता, कोणाला काही झालं नाही. बाबा हसायला लागले. आईने मात्र तव्याला लागावा तसा हात मागे घेतला आणि घरी येईपर्यंत पदराखाली ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी ती म्हणाली, गुडघा दुखतोय, तुम्ही जा. बाबा एकटे निघाले आणि काशिमिऱ्याहून परत आले. थर्मास भरलेलाच होता. पुढच्या रविवारी तिला वाल सोलायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांनी विचारलंच नाही, कपडे घातलेच नाहीत. ज्याच्यासाठी मी मोटर बसवली, तेच थांबलं होतं.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. बाबा झोपले होते. आई भिजवलेले वाल सोलत बसली होती. मीही एक ताट ओढून घेतलं.

“गुडघ्याला काही झालेलं नाही तुझ्या,” मी म्हटलं.

“नाही.”

“मग?”

तिने चार-पाच वाल सोलले. मग म्हणाली, “तुम्ही दोघं भावंडं लहान होतात ना, गावाला जाताना कशेडी घाट लागला की मागे झोपलेली असायचात. घाटात एकामागून एक वळणं. ह्यांचे हात भरून यायचे. एकदा मी नुसताच हात लावला. हे म्हणाले, बरं वाटलं गं. तेव्हापासून लावते.”

“तेव्हापासून?”

“मग काय, खांदा काल-परवा दुखायला लागला. मला गाडी येत नाही, बाय. पण रत्नागिरीपर्यंतची ती सगळी वळणं अर्धी माझी आहेत. आता मी बाजूला बसायचं म्हणजे काय, पाहुणी म्हणून?”

“बाबांना सांग ना हे.”

“त्यांचा खांदा दुखत नाही आता. झोपेत कण्हत नाहीत. हे सांगून काय करू? मोटर काढा म्हणू?”

ते ती म्हणणार नव्हती. मीही काढू देणार नव्हते. म्हणजे आता माझ्याजवळ एकही मार्ग नव्हता, आणि वाल तेवढे शिल्लक होते. सोलता सोलता मला ते बटण आठवलं.

मोटरबरोबर एक गोल बटण येतं, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. चाकाला किती मदत हवी ते त्याने ठरतं. नाक्यावर, गल्लीत वाढवायचं. घोडबंदर रोडला गाडी वेगात असली की कमी करायचं, नाहीतर चाक फार हलकं लागतं. मेकॅनिकने ते पूर्ण वर ठेवून बाबांच्या उजव्या बाजूला डॅशबोर्डखाली कुठेतरी लावून टाकलं होतं. त्याला कोणी हात लावत नव्हतं.

सोमवारी मी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले आणि बटण डाव्या बाजूला, पुढच्या कप्प्याखाली घ्यायला सांगितलं.

“ताई, उधर ड्रायव्हर का हाथ नहीं पहुँचेगा.”

“नकोच पोचायला.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि वायर लांब केली.

रविवारी मी सकाळीच जाऊन बसले. आईला पुढे बसवलं, बटण दाखवलं, कधी वाढवायचं आणि कधी कमी करायचं ते सांगितलं. बाबा म्हणाले, “म्हणजे गाडी मी चालवायची आणि हिच्या मर्जीने?”

“आजवर कोणाच्या चालवलीत?” आई म्हणाली.

केबिन रोडच्या वळणावर “हं” आलं. आईने बटण फिरवलं. गाडी नारळवाल्याला न लागता वळली. काशिमिऱ्याला तिने हुंकाराची वाटही पाहिली नाही. घोडबंदर रोडला लागल्यावर बाबा म्हणाले, “कमी कर जरा,” तर ती म्हणाली, “केलंय मघाशीच. तुम्ही समोर बघा.” मग तिने खिडकीची काच खाली केली आणि शेजारणीच्या सुनेबद्दल सांगायला सुरुवात केली. तीन रविवारांचं साठलेलं होतं.

चेण्याला मुख्य रस्ता सोडून नदीकडे वळायचं असतं. तिथे सकाळी कोणीच नसतं. बाबांनी वेग कमी केला, पहिला गिअर टाकला. “हं” म्हणाले नाहीत. आईने बटण वाढवण्याऐवजी शून्यावर आणलं. मला मागून स्पष्ट दिसलं. बाबांनाही कळलं असणार, कारण चाक एकदम जड झालं आणि ते थांबले.

आईने हात लांब केला आणि चाकाची कड धरली.

“हळू,” बाबा म्हणाले.

“हळूच तर आहे.”

गाडी मुंगीच्या गतीने पुढे सरकली आणि दोघांनी मिळून ती झाडाखाली वळवली. डॉक्टरांनी जोराचं काम टाळायला सांगितलंय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतायला घेतला.