नेट नसलेल्या शाळेतला लॅपटॉप

नंदुरबारच्या दुकानदाराला मी साध्या शब्दांत सांगितलं होतं. माझी शाळा धडगावच्या वर डोंगरात आहे, तिथे नेट येत नाही. मुलं घरी पावरी बोलतात. त्यांच्याच आवाजात शब्द रेकॉर्ड करून, चित्रं लावून मी धडे केलेत. ते वर्गात दाखवायचेत. स्वस्तातला पण चालणारा लॅपटॉप द्या.

त्याने सगळं ऐकलं आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "ताईले शाळापुरताच लागस ना? मंग हाऊ बेस शे."

दुकानात त्यानेच माझे धडे त्यात भरून दिले आणि तो झकास चालला. तिथे वायफाय होतं.

सोमवारी मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली. मी धडा उघडला, तर पडद्यावर आलं : इंटरनेट जोडा. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. धडे म्हणे लॅपटॉपच्या आत नव्हतेच, ते नेटवर कुठेतरी आभाळात ठेवलेले. जिचा आवाज पहिल्या धड्यात होता, ती पोरगी अगदी पुढे बसली होती. तिने विचारलं, "बाई, मी कुठे गेले?"

मला रडू आलं नाही. डोकंच फिरलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मांडीवर खोकं घेऊन जीपने घाट उतरले. नंदुरबारच्या स्टँडवर नवरा घ्यायला आला होता. तसेच दुकानात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, हाऊ नेटवरच चालस. आते नेट कोठे नही शे?"

"चला दाखवते," मी म्हणाले. "खाली शटर ओढा आणि बसा माझ्यासोबत जीपमध्ये. आत्ता."

दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. नवरा कुजबुजला, "जाऊ दे वं."

"तुम्ही गप ऱ्हा!" मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्याच्यावर ओरडले. मग दुकानदाराला म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं की नाही? तुम्ही उत्तर कुणाला दिलंत?"

मी स्टूल ओढून काउंटरसमोर बसले. जो लॅपटॉप बघायला येई, त्याला विचारायचे, "तुमच्या गावात नेट आहे का?" थोड्या वेळाने दुकानदाराने आतून एक जुना, जडशीळ लॅपटॉप आणला. बॅटरी मेलेली, पण सगळं पोटात साठवणारा. तिथेच धडे भरून घेतले, त्याला वायफाय बंद करायला लावलं आणि एकेक धडा वाजवून पाहिला.

दुकानातून घरी परतताना नवरा म्हणाला, "चांगला माणूस शे, बदली तरी दिना."

चांगला? डोंगरातल्या पोरांना काय कळतंय, बाईला काय कळतंय, म्हणून गळ्यात मारलेली वस्तू भांडून बदलून घ्यावी लागली, आणि माणूस चांगला? रविवारभर मी नवऱ्याशी बोलले नाही.

आता वीज असेल तेव्हा वर्गात धडे वाजतात. स्वतःचा आवाज ऐकून पोरं गडाबडा लोळतात. मी हसते त्यांच्याबरोबर. पण त्या दुकानावरून जाताना अजून माझी कानशिलं तापतात.